पुरावा उस्मानाबादचा, चाचणी जगाला

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत कसा पकडायचा आणि त्यानं होणारे मृत्यू निम्म्यावर कसे आणायचे, हे साऱ्या जगाला आमच्या जिल्ह्यातल्या बायकांनी दाखवून दिलं. हे वाक्य खरं तर अभिमानानं लिहायला हवं. मी ते चिडून लिहिते आहे. ज्या चाचणीचा गुण त्यांच्या अंगावर सिद्ध झाला, ती आज त्यांच्याच लेकीसुनांना सरकारी दवाखान्यात हक्कानं मागता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या बाईला ती मिळते. नेदरलँड्सच्या बाईला मिळते. नळदुर्गच्या, काटीच्या, काक्रंब्याच्या बाईला तिचं नावसुद्धा कुणी सांगितलेलं नाही.

मी तुळजापूर तालुक्यात बचत गटाच्या बायकांबरोबर काम करते. गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते सांगून झाले की बायका आवाज खाली आणून दुसरं बोलायला लागतात. कुणाच्या अंगावरून पांढरं जातं, कुणाची पाळी पंधरा-पंधरा दिवस थांबत नाही, कुणाचं अंग बाहेर येतं आणि ती ते पदराच्या चिंधीनं आत सारून शेतात खुरपायला जाते. या सगळ्या बोलण्यात मी अनेकदा विचारलं आहे, की पिशवीच्या तोंडाची तपासणी कुणाची झाली आहे का. हात वर होत नाहीत. आणि आपल्याच जिल्ह्यात याच तपासणीवर केवढा मोठा अभ्यास झाला, हे सांगितलं की त्या माझ्याकडे बघतच राहतात.

तो अभ्यास १९९९ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. पैसा बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा होता. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांचे ५२ गट पाडले गेले आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ धडधाकट बायका त्यात आल्या. या ५२ गटांची चार भागांत वाटणी झाली. एका भागातल्या बायकांची एचपीव्ही या विषाणूसाठी चाचणी झाली. दुसऱ्या भागात पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिडचा, म्हणजे व्हिनेगरमधल्या ॲसिडचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा उठतो का ते डोळ्यांनी बघायचं. तपासणी प्रत्येकीची एकदाच. चौथ्या भागातल्या ३१,४८८ बायकांची कुठलीच चाचणी झाली नाही. त्यांना आजाराची माहिती दिली, आहे त्या दवाखान्यात जाता येईल असं सांगितलं आणि पुढं त्यांचं काय होतं याची नोंद ठेवली.

एप्रिल २००९ मध्ये निकाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या भागातल्या ३४,१२६ बायकांपैकी या कॅन्सरनं ३४ गेल्या. ज्यांची तपासणीच झाली नाही, त्या साधारण तेवढ्याच मोठ्या भागात ६४ गेल्या. रोग पुढच्या टप्प्यात गेल्यावर सापडलेल्या बायका एकीकडे ३९, दुसरीकडे ८२. पॅप स्मिअर आणि ॲसिडच्या तपासणीनं मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आणि ज्यांच्यात विषाणू सापडला नव्हता, त्यांच्यातली एकही बाई अभ्यासाच्या त्या आठ वर्षांत या कॅन्सरनं मेली नाही.

कारण समजायला सोपं आहे. हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एचपीव्हीचा संसर्ग बहुतेक बायकांच्या अंगातून आपोआप निघून जातो. काहींच्या अंगात तो ठाण मांडतो आणि दहा-पंधरा वर्षं पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडवत राहतो. तेवढ्या काळात तो एकदा जरी सापडला, तर बिघडलेला भाग गोठवून किंवा जाळून टाकता येतो. त्याला मोठं ऑपरेशन लागत नाही, भूल लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी जाते. इतका सवडीनं येणारा कॅन्सर दुसरा क्वचितच असेल. त्यानं या देशात दरवर्षी पंचाहत्तर हजारांहून जास्त बायका मरतात. याला दैव म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, मी त्याला खोटं बोलतोस असं तोंडावर सांगते.

त्या ६४ बायकांबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतलं दिंडिगुल अशा तीन ठिकाणच्या अभ्यासांत तपासणी न मिळालेल्या भागांत किमान २५४ बायका या कॅन्सरनं गेल्या, आणि त्यावरून वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकांत मोठा वाद झाला. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं होतं की खेड्यातल्या बाईला तेव्हा कुठलीच तपासणी मिळत नव्हती, म्हणून तुलना त्याच परिस्थितीशी करायची. टीकाकार म्हणाले की तपासणीनं हा कॅन्सर रोखता येतो हे श्रीमंत देशांना कित्येक दशकं ठाऊक होतं, मग तपासणीशिवाय एवढ्या बायका ठेवायच्याच कशाला? माझ्या मते टीकाकारांचं बरोबर होतं. असा भाग लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या बायकांचा ठेवायला कुणी धजावलं नसतं. पण ज्या डॉक्टरांनी आणि आरोग्य सेविकांनी वर्षानुवर्षं ही गावं पायाखाली घातली, त्यांच्यावर माझा सगळा राग नाही. त्यांनी निदान उत्तर शोधून जगापुढं ठेवलं. राग आहे तो उत्तर हाती आल्यावर ते फडताळात ठेवून देणाऱ्यांवर.

जगानं ते उत्तर उचललं. नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलिया २०१७ साली पॅप स्मिअर सोडून एचपीव्ही चाचणीवर गेले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्या देशांना सांगितलं की पहिली चाचणी एचपीव्हीचीच करा. वयाच्या तिशीपासून, पाच ते दहा वर्षांतून एकदा पुरे. या सल्ल्यामागं जो पुरावा आहे त्यात आमच्या जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. आणि आपण काय केलं? केंद्र सरकारनं २०१६ साली, म्हणजे निकाल हाती येऊन सात वर्षं झाल्यावर, तपासणीचा आराखडा काढला. ३० ते ६५ वयाच्या बाईची दर पाच वर्षांनी तपासणी करायची असं ठरलं, आणि चाचणी निवडली ॲसिडची. उस्मानाबादच्या खेड्यांत जी मृत्यू रोखू शकली नव्हती, तीच.

ॲसिडची तपासणी अगदी निकामी आहे असं मी म्हणत नाही. दिंडिगुलमध्ये आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तिनं मृत्यू जवळपास एक तृतीयांशानं घटले. मुंबईत ती दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, नीट शिकवून तयार केलेल्या बायकांनी केली. ती तपासणी करणाऱ्याच्या डोळ्यावर आणि सरावावर चालते. ज्या उपकेंद्रात सिस्टर एकटी, तिच्याकडं लसीकरण, बाळंतपणं, नोंदवह्या आणि वर चार मोहिमा, तिथं तो डोळा आणि तो सराव कुठून यायचा? स्वस्त म्हणून निवडलेली ही चाचणीसुद्धा बायकांपर्यंत पोचली नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेनं २०३० पर्यंत गाठायला सांगितलेला आकडा ७० टक्के आहे.

हे बोलायला लागलं की अधिकाऱ्यांकडून एकच उत्तर येतं: ‘बायका येतच नाहीत हो. लाजतात. त्यांना स्वतःच्या तब्येतीचं काही पडलेलं नसतं.’ हे उत्तर ऐकून माझं डोकं उठतं, कारण ते खोटं आहे आणि खोटं असल्याचा पुरावा याच जिल्ह्यात छापील पडलेला आहे. त्या अभ्यासात ज्यांना तपासणीला बोलावलं, त्यांच्यातल्या दहापैकी जवळजवळ आठ जणी आल्या. १९९९ ते २००३ या काळात, गावात धड एसटी नसताना, घरी सासूला काय सांगायचं हा प्रश्न असताना, सुमारे ऐंशी हजार बायका येऊन तपासून गेल्या. त्या आल्या, कारण कुणीतरी दारात जाऊन, बसून, हा आजार काय आहे, तपासणीत काय करतात, दुखतं का, निघालं तर पुढं काय, हे नीट सांगितलं होतं. तपासणारी बाई होती, पडदा होता. ज्यांच्यात दोष सापडला त्यांच्यावर इलाज झाला. बार्शीला तर हे त्याच्याही आधी दिसलं होतं. १९८७ साली तिथं देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदी घ्यायला गावोगाव जाणारी माणसं जाता जाता लोकांना आजाराची लक्षणं सांगू लागली, आणि एवढ्यानंच बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नव्वदच्या दशकातच छापून ठेवलं आहे.

बायका येत नाहीत, हे खरं नाही. बायका एकदा येतात, काय मिळतं ते बघतात आणि पुन्हा येत नाहीत.

काय मिळतं ते सांगते. तालुक्यातल्या एका गावी शाळेच्या खोलीत महिलांचं आरोग्य शिबिर होतं. बाहेर मोठा फलक, आत दोन टेबलं. एका टेबलावर रक्तदाबाचं यंत्र आणि हिमोग्लोबिनसाठी बोट टोचायची सोय, दुसऱ्यावर कागदाच्या पाकिटात लोहाच्या गोळ्या. खिडकीला पोरं लटकलेली. झोपवून तपासायला टेबल नाही, पडदा नाही, हात धुवायला पाणी व्हरांड्यातल्या टाकीचं. चाळिशीची एक बाई माझ्यापुढं होती. ती डॉक्टरच्या कानाशी वाकून म्हणाली, ‘साहेब, पांढरं लई जातंय, कंबर धरती.’ त्यानं वर न बघता गोळ्यांची एक पट्टी लिहून दिली. तिला झोपवलं नाही, तपासलं नाही, नवऱ्यालाही औषध लागेल का हे विचारलं नाही. मग तिला पलीकडच्या टेबलावर पाठवलं. तिथं रजिस्टर होतं आणि त्यात ‘कॅन्सर तपासणी’ असा रकाना होता. तिला विचारलं, संबंधानंतर रक्त जातं का, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं का, घाण वासाचं पाणी जातं का. चारचौघींसमोर, खिडकीतल्या पोरांसमोर. ती तिन्हीला ‘नाही’ म्हणाली. कुठली बाई तिथं ‘हो’ म्हणेल? रकान्यात बरोबरची खूण झाली. ती बाई सरकारी कागदावर तपासली गेली.

ही लक्षणं दिसायला लागतात तेव्हा रोग बहुधा पुढं गेलेला असतो. तपासणी करायची असते ती काही त्रास नसताना. प्रश्न विचारून खूण करणं ही तपासणी नव्हे, आणि जे लोक ती तपासणी म्हणून वर पाठवतात त्यांना हे पक्कं कळतं.

२६ सप्टेंबर २०२२ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, राज्य सरकारनं ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीम सुरू केली. तेव्हाचे आरोग्यमंत्री तानाजी सावंत आमच्याच जिल्ह्यातल्या परांड्याचे आमदार. नवरात्र, तुळजापूरच्या देवीचा जिल्हा, मंत्री घरचे. एचपीव्ही चाचणी ज्या मातीत सिद्ध झाली तिथून ती राज्यभर न्यायला याहून चांगली वेळ कुठली होती? रक्तदाब आणि साखर तपासली ते चांगलंच झालं. हिमोग्लोबिन तर बघायलाच हवं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. पण हा जिल्हा जे काम एकदा करून बसला होता, ते पुन्हा उभं करण्याची संधी हातची घालवली, आणि याचा जाब कुणी विचारला नाही. विरोधी पक्षानंही नाही. आमच्याकडं सोयाबीनच्या भावावर मोर्चे निघतात, पीकविम्यावर निघतात, निघालेच पाहिजेत. बायकांच्या पिशवीच्या तोंडासाठी आजवर एक निवेदन गेल्याचं माझ्या बघण्यात नाही.

तपासणी मिळत नाही, म्हणून जी पोकळी राहते तिच्यात कोण शिरतं, ते बघा. शेजारच्या बीडचा प्रकार २०१९ साली देशभर गाजला. ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याच्या ऑपरेशनांची चौकशी करायला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. शंभरात जवळजवळ सतरा. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ३.३ टक्के आहे. पाळीच्या चार दिवसांत काम चुकलं की मुकादमाचा खाडा बसतो, उचल फिटत नाही, फडावर ना संडास ना पाणी. त्यात कुणीतरी म्हणतं, पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल. हा प्रकार बीडच्या हद्दीवर थांबलेला नाही. कोयता घेऊन आमच्या जिल्ह्यातूनही बायका जातात, आणि कोयता कधी हातात न धरलेल्या बायकांच्याही पिशव्या जातात.

माझ्या ओळखीच्या एका बाईची फाईल मी हातात घेऊन पाहिली आहे. वय चौतीस, दोन लेकरं, नसबंदी झालेली. अंगावरून पांढरं आणि पाळीत जास्त जात होतं. खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी केली. अहवालात लिहिलं होतं, पिशवी आकारानं जरा मोठी, तोंडाला सूज. दोन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी जरा मोठी दिसणारच. तोंडाची सूज गोळ्यांनी बरी होते. तिला सांगितलं गेलं ते तिच्याच शब्दांत: ‘डाक्टर म्हणले, पिशवी सडलीय. ठिवली तर कॅन्सर हुतोय. लेकरं झालीत, आता काय करायचीय पिशवी?’ पंधरा दिवसांच्या आत ऑपरेशन झालं. शेळ्या विकल्या, गटाचं कर्ज काढलं. मी ती फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. ऑपरेशनच्या आधी पिशवीच्या तोंडाची कुठलीही चाचणी केलेली नव्हती. काढलेली पिशवी तपासायला लॅबमध्ये पाठवल्याचा कागद नव्हता.

हे नीट समजून घ्या. त्या डॉक्टरला खरोखर कॅन्सरची भीती वाटली असती, तर त्यानं कापण्याआधी बघितलं असतं. तोंडाचा कॅन्सर खरंच असेल तर साधी पिशवी काढून टाकणं हे चुकीचं ऑपरेशन आहे. त्याला वेगळं मोठं ऑपरेशन लागतं किंवा शेक द्यावा लागतो, आणि न बघता साधं ऑपरेशन केलं तर पुढचा इलाज अवघड होऊन बसतो. आणि कापल्यावर तरी त्यानं तो गोळा लॅबला पाठवला असता. त्यानं यातलं काहीच केलं नाही, याचा अर्थ कॅन्सर हा शब्द त्यानं फक्त बाईला घाबरवायला वापरला. तिला आज अडतिसाव्या वर्षी अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, गुडघे धरतात. तिच्या अंडाशयांना हात लावला की नाही, हे डिस्चार्ज कार्डावरून कळत नाही, आणि तिला कुणी सांगितलेलं नाही.

सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं, विनाकारण पिशव्या काढणं थांबवण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा. चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढायची तर दुसऱ्या डॉक्टरचं मत, कारणाची नोंद, बाईची समजून दिलेली संमती. कागदावर चांगलं आहे. पण ज्या बाईच्या हातात ‘तुमच्या पिशवीच्या तोंडात विषाणू नाही’ असा एक कागद असेल, तिला कॅन्सरचं भय घालून टेबलावर झोपवणं कुठल्याही डॉक्टरला जड जाईल. एचपीव्ही चाचणी मरण टाळते, आणि पिशवीही वाचवते. दोन्ही कामं एका कापसाच्या काडीनं होतात. पाळीत जास्त जाणाऱ्या बहुतेक बायकांना गोळ्या आहेत, संप्रेरकाची तांबी आहे, गाठ असेल तर तिच्या आकाराप्रमाणं इलाज आहेत. ऑपरेशन शेवटी येतं. आमच्याकडं ते पहिलं येतं.

आणि हे नवं नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि जानेवारी १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं की त्यांच्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग आहे आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के आहेत. आपल्याला काही त्रास नाही असं म्हणणाऱ्या बायकाही त्यात होत्या. तेव्हापासून एक पिढी म्हातारी झाली. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं, त्यांनी हे काम करून दाखवलं. म्हणजे गावातली, शाळा सुटलेली बाई हे शिकू शकते आणि निभावू शकते, हे आमच्याच तालुक्यात सिद्ध झालेलं आहे. सरकारकडं आशाताई आहेत. त्यांना मोबदला वेळेवर द्या, शिकवा आणि बाकीची अर्धी कामं त्यांच्या डोक्यावरून उतरवा.

लाजेचा मुद्दा राहिला. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो. मऊ काडी आत फिरवायची, नळीत ठेवायची, झाकण लावायचं. न्हाणीघरात दार लावून दोन मिनिटांचं काम. ऑस्ट्रेलियात २०२२ पासून कुठलीही बाई असा नमुना देऊ शकते. म्हणजे टेबल नाही, परका पुरुष नाही, खिडकीतली पोरं नाहीत. तपासायचं यंत्र? गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे यंत्र क्षयरोगासाठी देशातल्या सरकारी दवाखान्यांत फिरतंच आहे, त्यावर चालणारी एचपीव्हीची चिपही निघाली आहे. पुण्याच्या मायलॅबचीही चाचणी आहे. चाचणी परदेशातून आणावी लागते, परवडत नाही, हे कारण आता उरलेलं नाही.

हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या वर होती. त्यातल्या ३० ते ४९ वयाच्या बायका ढोबळ मानानं दोन लाख धरा. दहा वर्षांतून एकदा चाचणी करायची तर वर्षाला वीस हजार. तो अभ्यास करणाऱ्यांनी चार वर्षांत ऐंशी हजार बायका तपासल्या होत्या, म्हणजे वर्षाला वीसच हजार. तालुके आठ. एका तालुक्याच्या वाट्याला वर्षाला अडीच हजार, दिवसाला आठ-नऊ बायका. तुळजापूरच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत सकाळी नवाच्या आत याच्या कित्येक पट बायका उभ्या असतात. एका चाचणीला हजार रुपये धरले, तरी दोन लाख बायकांचे होतात वीस कोटी. मे २०२५ मध्ये चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत तुळजापूरच्या तीर्थक्षेत्र विकासाला १,८६५ कोटी मंजूर झाले. रस्ते व्हावेत, दर्शन सुखाचं व्हावं, माझी हरकत नाही. मीही त्या रांगेत उभी राहते. पण त्या रकमेच्या एक टक्क्याच्या जराशा वर पैशांत या जिल्ह्यातल्या तिशी-चाळिशीच्या प्रत्येक बाईची चाचणी होते, आणि हा हिशेब मंत्रालयात कुणी केला नाही. देवीच्या नावानं कोट्यवधी खर्च करणाऱ्यांनी तिच्या दारात अनवाणी चालत येणाऱ्या बायकांच्या अंगात काय चाललंय ते बघायला नकार द्यावा, याला मी भक्ती म्हणणार नाही.

लसीचं म्हणाल तर ती हवीच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२२ साली मंजूर झाली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीतल्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देऊ असं सांगितलं. पण लस उपयोगी आहे ती संसर्ग होण्याआधी, म्हणजे मुलींना. त्यांच्या आयांना लस दिल्यानं फारसं काही होत नाही. लसीचं नाव घेऊन आयांची चाचणी गुंडाळून ठेवायची, हा डाव मला दिसतो आहे आणि मी तो आधीच उघडा सांगून ठेवते.

आता मागणी. धाराशिव जिल्ह्यापासून एचपीव्ही चाचणी सुरू करा. पहिला मान आमचा आहे, तो आम्ही किंमत देऊन कमावला आहे. काडी आणि नळी आशाताईच्या पिशवीत द्या. पंधरा दिवसांत निकाल बाईच्या हातात, कागदावर, मराठीत. दोष निघाला तर जाळायचं यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात असू द्या, आणि ते चालवायला शिकलेली बाई डॉक्टर. रोग पुढं गेलेला निघाला तर बार्शीला किंवा सोलापूरला न्यायला गाडी, सोबत एक जण, आणि तिचा बुडालेला रोज. काढलेली प्रत्येक पिशवी लॅबला गेलीच पाहिजे आणि तो कागद बाईला मिळालाच पाहिजे; नाही मिळाला तर त्या दवाखान्याचं ऑपरेशन थिएटर बंद. हे जिल्हा परिषदेच्या येत्या अर्थसंकल्पात, रकमेसकट, लिहून दाखवा. बायका कुठून आणायच्या याची काळजी करू नका. तारीख सांगा, बायका मी आणते.